डाएट कोला, आगळ आणि अमृत कोकम

मधुमेही वडिलांचा डाएट कोला कॅन्सरच्या भीतीने बंद करावा का, असं तुम्ही विचारलंय. जुलै २०२३ मध्ये आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था) डाएट कोल्यातल्या अ‍ॅस्पार्टेम या कृत्रिम गोडव्याला ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकलं हे खरं. पण त्याच वेळी सुरक्षित मर्यादा होती तीच राहिली: वजनाच्या किलोमागे रोज ४० मिलिग्रॅम. म्हणजे साठ किलोच्या माणसाला २४००, आणि एका कॅनमध्ये असतं साधारण २०० ते ३००. अधूनमधून एखादा कॅन घेतला तर घाबरू नका. फिनाइलकीटोन्यूरिया (फिनाइलअ‍ॅलनिन शरीराला पचवता न येण्याचा जन्मजात आजार) असलेल्यांनी मात्र अ‍ॅस्पार्टेम टाळायलाच हवं.

मला खरी काळजी रोज गोडच प्यायच्या सवयीची वाटते. रत्नागिरीत राहता ना, मग घरात आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, असेलच. गार पाण्यात थोडं आगळ नि जिरेपूड, बस. रक्तदाब असेल तर बेतानेच, त्यात मीठ भरपूर असतं. आणि अमृत कोकम मात्र त्यांना देऊ नका हो, ते साखरेच्या पाकातलंच असतं.