मदत हवी आहे: ग्रेड खाली, पगार 'तोच'. सही करू का?

गोदाकाठचा_टर्नर
शुक्रवारी सही द्यायची आहे, लवकर सांगा. टूल रूम बंद केली, आम्हा अकरा जणांना असेंब्लीला टाकतायत. ग्रेड एक खाली. एचआरवाला म्हणतो एक रुपयाही कमी होणार नाही, फरक पर्सनल पे म्हणून मिळेल. बायको म्हणते, मग कर की सही. पण आमच्यातला एक सारखा म्हणतोय, चार वर्षांनी बघ. काय होतं चार वर्षांनी? कलमं नकोत, सरळ सांगा.

चिवडा_स्पेशल
कायम की कंत्राटी? युनियन आहे का? सर्व्हिस किती? डॉक्टरला फोनवर नुसतं "दुखतंय" सांगून कसं चालेल?

गोदाकाठचा_टर्नर
कायमच हो. २२ वर्षं झाली. युनियन आहे, नाहीतर ग्रेड कुठून आल्या असत्या? कंपनी अंबडची, नाव टाकणार नाही.

टेबल_क्र_४
घाबरू नका. वेतन संरक्षण हा तुमचा हक्क आहे. आमच्या खात्यात माझ्या साहेबांचं पद बदललं तेव्हा सर्व्हिस बुकात नोंद घेऊन...

निवृत्त_फिटर
साहेब, ते सरकारी. खाजगीत कागदावर जे लिहिलंय तेवढंच संरक्षण.
टर्नरभाऊ, माझं २००९ साली हेच झालं. पगाराच्या स्लिपवर बेसिकच्या खाली एक नवी ओळ आली, 'पी.पी.'. एकूण आकडा तोच, त्यामुळे आम्ही खूश. एप्रिलला वार्षिक वाढ लागली तेव्हा बेसिक २५०ने वर आणि पी.पी. २५०ने खाली. पुढच्या एप्रिलला पुन्हा तेच. ती ओळ शून्य होईपर्यंत वाढ म्हणून एक पैसा हातात आला नाही. पगार कापला असं कुणाला म्हणताही येत नाही. तुमचा तो सोबती हेच सांगतोय. पत्रात काय लिहिलंय ते शब्दाला शब्द टाका.

मिसळ_जहाल
व्हीआरएस मागा आणि मिसळीचं हॉटेल टाका. नाशकात उपाशी मरणार नाही.

चिवडा_स्पेशल
नाशकात आता मिसळ खाणाऱ्यांपेक्षा विकणारे जास्त झालेत.

गोदाकाठचा_टर्नर
मिसळ राहू द्या हो. पत्र असं आहे: बेसिक १८,६०० होतं ते १५,४००. फरक ३,२०० व्यक्तिगत वेतन. "सदर व्यक्तिगत वेतन भविष्यातील कोणत्याही वेतनवाढीत समायोजित करण्यात येईल." बाकी बदलीच्या अटी.

निवृत्त_फिटर
मेख त्या 'कोणत्याही'त आहे! आमच्या पत्रात निदान 'वार्षिक वेतनवाढीत' होतं, त्यामुळे करारातली वाढ पूर्ण मिळाली. तुमच्याकडे पुढचा करार झाला तर तीही वाढ गिळतील. आणि डीए कशावर आहे? बेसिकच्या टक्क्यावर असेल तर ३,२०० वरचा डीए पहिल्याच महिन्यात गेला. मग 'एक रुपयाही कमी नाही' कुठे राहिलं?

वकिलाचा_मेहुणा
कलम ९ अ ची नोटीस दिली का? ग्रेडनुसार वर्गीकरण बदलायचं तर २१ दिवस आधी नोटीस लागते.

संहिता_वाचक
९ अ जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे, आता कलम ४० आणि तिसरी अनुसूची.

वकिलाचा_मेहुणा
दिवस २१च ना? मग आकड्यांवरून काय भांडता.

संहिता_वाचक
भांडत नाही. अर्जात जुनं कलम लिहिलं तर एचआरवाला हसेल. आणि युनियनने त्याच बदलाचा करार केला तर नोटीस लागतच नाही. म्हणून आधी सांगा, युनियन काय म्हणते?

गोदाकाठचा_टर्नर
कमिटी म्हणते वैयक्तिक सह्या कुणी देऊ नका, गुरुवारी गेट मीटिंग आहे. नोटीस बोर्डावर काही लागलेलं नाही.

चिवडा_स्पेशल
अहो हे आधी सांगायचं!! मग आम्हाला काय विचारताय?

गोदाकाठचा_टर्नर
कमिटीतला एकही टूल रूमचा नाही. त्यांची ग्रेड शाबूत आहे.

ग्रॅच्युइटी_काका
ग्रॅच्युइटी कुणी मोजली का? ती शेवटच्या बेसिक अधिक डीएवर निघते. ३,२०० × १५ ÷ २६ × २२ = साधारण ४०,६००. फक्त बेसिकच्या फरकाचे एवढे जातील.

संहिता_वाचक
नव्या संहितांमधल्या व्याख्येत वेतनातून वगळलेल्या रकमांची यादी आहे. घरभाडं, प्रवास, ओव्हरटाइम वगैरे. पर्सनल पे त्यात नाही, म्हणजे ते धरायलाच हवं.

ग्रॅच्युइटी_काका
ते रिटायर झाल्यावर भांडत बसण्यापेक्षा आत्ता एक ओळ लिहून घ्या: 'पीएफ, ग्रॅच्युइटी व डीएसाठी ग्राह्य'.

सातासमुद्रापार
मी अमेरिकेत केंद्र सरकारच्या नोकरीत आहे. इकडे पद खालच्या ग्रेडला गेलं तर, आधी वर्षभर वरच्या ग्रेडला काम केलेलं असेल तर, दोन वर्षं जुनी ग्रेडच धरतात. नंतरही पगार खालच्या ग्रेडच्या कमाल आकड्याच्या वर असेल तर तो तसाच राहतो, फक्त सर्वसाधारण वाढ निम्मी मिळते. वर १५० टक्क्यांची मर्यादा आहे, शिवाय...

मिसळ_जहाल
अंबडचा प्रश्न, उत्तर वॉशिंग्टनचं.

गिरणगाव_७९
१९८२च्या संपात आमच्या वडिलांनीही असंच...

निवृत्त_फिटर
दादा, त्याचा वेगळा धागा काढा, मी येतो तिकडे. इथे ह्यांच्याकडे दोनच दिवस आहेत.

गोदाकाठचा_टर्नर
मला ते अमेरिकेचं पटलं. निम्मी वाढ पी.पी.त जिरवा, निम्मी हातात द्या. 'कोणत्याही' खोडा आणि काकांची ओळ घाला. सेकंड शिफ्टला सातजण भेटले, ते तयार आहेत. उरलेल्या तिघांपैकी एकाने दुपारीच सही दिली म्हणे, घराचा हप्ता आहे त्याचा. पत्र नुसतं मिळाल्याची सही करायची असेल तर काय लिहायचं?

संहिता_वाचक
'पत्र मिळाले, मजकूर मान्य नाही', खाली तारीख. मराठीतच लिहा. आणि सही करण्याआधी मोबाइलवर फोटो काढा.

टेबल_क्र_४
पण सर्व्हिस बुकात नोंद घेतली का, ते पाहिलंत का?