शब्दचर्चा: पोकरमधली ‘व्हल्नरेबल’ पानं

प्रश्न: ऑनलाइन पोकरवर मराठीत लिहितोय, ‘व्हल्नरेबल हँड’पाशी अडलो. ‘असुरक्षित हात’ चालेल?

– ‘हात’ नकोच. पत्त्यांत हात होतात किंवा करायचे असतात. हातात असतात ती पानं. आणि असुरक्षित म्हटलं की पानांना समुपदेशन हवंय असं वाटतं. सरळ ‘कमकुवत पानं’ म्हणा.

– कमकुवत कशी? ती तर आत्ता पुढे असतात, फक्त पुढच्या पानाने मागे पडू शकतात! समजा, तुमच्याकडे अठ्ठ्यांची जोडी. टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेली सत्ती, तिर्री, दुर्री, तिन्ही वेगळ्या रंगांच्या; अजून दोन पानं उघडायची आहेत. समोरच्याकडे राजा-राणी. या घडीला सरशी तुमची, पण न दिसलेल्या ४५ पानांत त्याला तारणारी ६ आहेत: तीन राजे, तीन राण्या. पुढच्या पानाला १३ टक्के, उरलेली दोन्ही पानं धरली तर २५ च्या आसपास.

– ब्रिजमध्येही ‘व्हल्नरेबल’ आहे, पण ते गुणांच्या हिशेबातलं. त्याचा हातातल्या पानांशी संबंध नाही.

– मग ‘नाशवंत’? माल चांगला आहे, ठेवला की उतरतो.

– हे आवडलं, कारण यात किती लावायचे तेही येतं. ‘धोक्यातली पानं’ म्हटलं की माणूस घाबरून पैसे लावायचा स्लायडर टोकाला नेतो. मग लहान जोड्यावाले पानं टाकून पळतात, आणि थांबतो तो नेमका तुमच्यावर मात केलेला. पॉट, म्हणजे मधे जमलेले पैसे, १०० असताना ३३ लावले, तरी समोरच्याला ३३ भरून १६६ साठी खेळायचं, म्हणजे २० टक्के संधी हवी. ५० लावले तर २५. वरच्या राजा-राणीला पुढच्या पानापुरते १३च आहेत, म्हणजे ३३ सुद्धा त्याला महागच. फुकटचं पान दिलं नाही म्हणजे झालं. टेबलावर दोन बदाम आणि त्याच्याकडेही दोन, असं असेल तर गोष्ट वेगळी. पाचवा बदाम आला की तो पुढे. तारणारी पानं ९, म्हणजे २० टक्के. ३३ त्याला बरोबर परवडतात. तिथे अर्ध्या पॉटच्या वर जायला मी कचरत नाही.

– ‘बेट साइझिंग’ला ‘पैजेचा आकार’ म्हणू?

– आकार कसला? ‘किती लावायचे’ म्हणा, झालं.

– मग शीर्षक ‘नाशवंत पानांवर किती लावायचे?’

– बाजारभावाचं सदर वाटतंय.

– वाटू दे. तेच ठेवतो.