व्हेटर्नरीचे चॉईस आणि चवथीची सुट्टी

स्नेहा, ए-३०२: सॉरी हं इतक्या रात्री मेसेज टाकतेय. कोणाच्या मुलांनी हल्ली व्हेटर्नरीसाठी फॉर्म भरलाय का? मुक्ताची नीटची परीक्षा झाली, स्कोअर बरा आहे, आता व्हीसीआयचं, म्हणजे व्हेटर्नरी कौन्सिल ऑफ इंडियाचं, काऊन्सेलिंग सुरू झालंय आणि कॉलेजांचे चॉईस लॉक करायला शनिवारपर्यंतच वेळ, त्यात आमच्या बिल्डिंगची लाईट संध्याकाळपासून ये-जा करतेय, पोरगी रडकुंडीला आलीय आणि तिचे बाबा म्हणतात मला यातलं काही कळत नाही, जसं काही मला कळतंय

लताकाकी, ए-१०१: अगं जेवलात का आधी?

प्रभाकर, बी-२०४: व्हेटर्नरी म्हणजे गुरांचा डॉक्टर ना? नीट दिलीय तर एमबीबीएस का नाही बघत, बांबोळीचं मेडिकल कॉलेज काय लांब आहे फोंड्याहून

स्नेहा, ए-३०२: प्रभाकरबाब, हा प्रश्न बाजारात विचारून झाला, देवळात विचारून झाला, परवा तर शिंपल्या आणायला गेले तिथल्या बाईनेही विचारलं 😅 तिला मेडिकलला जायचंच नाहीये. आठवीपासून हेच डोक्यात आहे. लोकांना वाटतं ते मिळालं नाही म्हणून हे, आणि ती समोरच बसलेली असते हो, तिला ऐकू येतं.

प्रभाकर, बी-२०४: मी सहज विचारलं

सेक्रेटरी: कृपया ग्रुपवर फक्त सोसायटीचे विषय. गणपतीची वर्गणी अजून चार फ्लॅटची बाकी आहे.

रोहन, बी-४०२: काकी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे पाठवा तिला, माझ्याकडे इन्व्हर्टर आहे

डॉक्टरकाका, सी-१०१: स्नेहा, आत्ता बघितला मेसेज. आधी एक समजून घे म्हणजे अर्धा ताप उतरेल. गोव्यात व्हेटर्नरी कॉलेज नाही, त्यामुळे आपली मुलं सगळीकडे बाहेरचीच. महाराष्ट्रात माफसूची, म्हणजे त्यांच्या पशुविज्ञान विद्यापीठाची, कॉलेजं आहेत, परळ, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर, पण तिथल्या ८५ टक्के जागा त्यांच्या मुलांना, बारावी आणि डोमिसाईल दोन्ही तिथलं लागतं. कर्नाटकात त्यांची वेगळी सीईटी आणि मूल तिथे किती वर्षं शिकलं ते मोजतात. उरल्या त्या १५ टक्के जागा ज्या नीटच्या रँकवर देशभरातून भरतात, तीच ही व्हीसीआयची प्रोसेस, तिथे तुझी मुक्ता आणि लुधियानाचा मुलगा एकाच रांगेत. शिवाय गोव्याकडून नाव पाठवून भरायच्या नॉमिनेशनच्या जागांचं यंदा काय आहे ते पर्वरीला डीटीईत (तंत्रशिक्षण संचालनालयात) आणि पशुसंवर्धन खात्यात, दोन्हीकडे विचारून ठेवा, फोनवर नको, जाऊन विचारा.

लताकाकी, ए-१०१: स्नेहा तुझं सासर मूळचं महाराष्ट्रातल्या दोडामार्गचं ना, तिथल्या घराच्या पत्त्यावर होत नाही का काही?

डॉक्टरकाका, सी-१०१: नाही होत लताताई. दहावी-बारावी गोवा बोर्डाची आहे तिची. घराची कौलं दोडामार्गात असून काय उपयोग.

स्नेहा, ए-३०२: हेच मला कोणी नीट सांगत नव्हतं काका, थँक्यू. क्लासवाल्यांना विचारलं तर ते म्हणाले आमच्याकडे सगळे मेडिकलवाले. आणि दुसरं टेन्शन म्हणजे हे काऊन्सेलिंग इतकं मागनं येतं की तोवर इथली बीएस्सीची ॲडमिशन होऊन गेली, आम्ही फी भरून सीट धरून ठेवलीय, ती रोज कॉलेजला जाते, प्रॅक्टिकलचं जर्नल लिहिते आणि घरी येऊन साईट उघडून बसते, एका पायावर उभं असल्यासारखं चाललंय

लताकाकी, ए-१०१: माझी भाची अमेरिकेत यातनंच गेली गं. तिथे तर आधी कॉलेजची डिग्री करायची मग चार वर्षं व्हेटचं, आणि फॉर्ममध्ये म्हणे प्राण्यांबरोबर किती तास काम केलं ते एकेक लिहायचं, कुठल्या गोठ्यात, कुणाच्या हाताखाली, वर निबंध आणि तीन जणांची शिफारसपत्रं. सप्टेंबरच्या मध्यावर मुदत. तिच्या एका सरांनी पत्र शेवटच्या आठवड्यापर्यंत पाठवलं नाही, ती त्यांना रोज ईमेल करायची आणि रोज माझ्या बहिणीला फोन करून रडायची.

रोहन, बी-४०२: आपल्याकडे तास कोणी विचारत नाही, तीन तासांचा एक पेपर, ७२० मार्क, संपलं

डॉक्टरकाका, सी-१०१: विचारायला हवे होते खरं तर. मुक्ता गेल्या दोन पावसाळ्यांत माझ्याबरोबर गोठ्यांत फिरलीय. मध्यरात्री वासरू अडकलेलं, पाय मागे दुमडलेला, मी खांद्यापर्यंत हात घालून पाय सरळ करतोय आणि ही टॉर्च धरून उभी, वर पावसाची झड. टॉर्च हलला नाही तिचा. त्याचे मार्क कुठल्या फॉर्ममध्ये लिहायचे?

प्रभाकर, बी-२०४: ती सोसायटीतले कुत्रे लस टोचायला पकडून द्यायची मिशन रेबीजवाल्यांना, तीच ना? ते जाळी घेऊन आलेले तेव्हा माझ्या गाडीखालचा काळा कुत्रा तिने नावाने हाक मारून बाहेर काढला

स्नेहा, ए-३०२: तीच 🙂 आणि तुम्हीच तेव्हा लिहिलं होतं की कुत्र्यांना खायला घालणाऱ्यांना दंड करा

प्रभाकर, बी-२०४: तो विषय वेगळा

स्नेहा, ए-३०२: काका चॉईसचं सांगा ना. मी म्हणते शिरवळ पहिलं टाक, रात्रीची पुण्याची गाडी शिरवळवरूनच जाते, सकाळी उतरेल. ती म्हणते मद्रास पहिलं. मद्रास! त्याच्याखाली केरळचं मण्णुत्ती. भाषा येत नाही, काय खाणार, आजारी पडली तर मी कशी पोचणार

डॉक्टरकाका, सी-१०१: मद्रासचं कॉलेज १९०३ चं आहे, नावाजलेलं आहे, तिची निवड चुकलेली नाही. मी परळचा, ते त्याहून जुनं, १८८६ चं, म्हणून मी परळच म्हणणार, पण माझं ऐकू नका. नियम साधा आहे, जिथे जायची सर्वांत जास्त इच्छा ते वर. मुलं गेल्या वर्षीचा कटऑफ बघून खालचं कॉलेज वर टाकतात आणि मग वरचं मिळत असून हातचं जातं, कारण कॉम्प्युटर यादी वरनं खाली वाचतो आणि रँकला बसेल ते पहिलं देऊन मोकळा होतो. आणि जिथे मिळालं तरी जाणारच नाही ते यादीत टाकूच नका. साडेपाच वर्षांचा मामला आहे, त्यात एक वर्ष इंटर्नशिप, तेवढा काळ तिला राहायचंय तिथे, तुला नाही.

स्नेहा, ए-३०२: 😐 बरं

रोहन, बी-४०२: काकी मुक्ता आलीय माझ्याकडे. एक लोचा आहे. तिचं ओबीसीचं सर्टिफिकेट गोव्याच्या नमुन्यातलं आहे. ऑल इंडियाला केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमी लेयर लागतं आणि ते पण यंदाच्या आर्थिक वर्षातलं, हे दोन वर्षांपूर्वीचं आहे

स्नेहा, ए-३०२: देवा

स्नेहा, ए-३०२: सोमवारपासून चवथीची सुट्टी लागतेय, म्हणजे हातात उद्याचा शुक्रवार फक्त

स्नेहा, ए-३०२: मागच्या वेळी त्या ऑफिसात मला एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवून शेवटी सांगितलं साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या. उद्या मला रजा पण नाही

डॉक्टरकाका, सी-१०१: घाबरू नका. चॉईस आत्ता भरता येतील, कागद कधीपर्यंत लागतो ती तारीख सूचनापत्रकात बघा. पण अर्ज उद्याच टाका, चवथीनंतर त्या ऑफिसात मुंगीला शिरायला जागा नसेल.

मुक्ता (आईच्या फोनवरून): मी मुक्ता. थँक्यू सगळ्यांना. रोहनदादाने फोटो आणि सही बरोबर साईजमध्ये करून दिली. मला अभ्यासाचं टेन्शन नव्हतं खरं सांगायचं तर, बायोलॉजी मला आवडतं, पण हे कागद बघितले की पोटात गोळा येतो, कारण पेपरमध्ये उत्तर चुकलं तर आपल्याला येत नव्हतं म्हणून चुकलं, पण फॉर्मवरचा एक शिक्का चुकीचा निघाला आणि सीट गेली तर मी कोणाला काय सांगणार. आणि प्रभाकरकाका मला राग नाही आला, फक्त गुरांचा डॉक्टर हे असं म्हणू नका जसं काही ते कमी आहे. आपली गावठी पांढरी गाय आहे ना, श्वेतकपिला म्हणून जात नोंदवलीय तिची, जुन्या गोव्याच्या आयसीएआरच्या कृषी संशोधन केंद्रात त्यावर काम झालंय. मला पुढे त्यातच काहीतरी करायचंय.

लताकाकी, ए-१०१: शाब्बास गो बाय

प्रभाकर, बी-२०४: स्नेहा, जुनं सर्टिफिकेट, रेसिडेन्सचा दाखला, इन्कमचे कागद एका फाईलमध्ये घालून दे. मी रिटायर्ड माणूस, नऊ वाजता खिडकीवर पहिला उभा राहीन. बापाची सही हवी तिथे आधीच घेऊन ठेव, नंतर फोनाफोनी नको

सेक्रेटरी: प्रभाकरबाब उद्या सकाळी मंडपाचे बांबू येणार आहेत, तुम्ही घेणार होता उतरवून

प्रभाकर, बी-२०४: बांबूंना सर्टिफिकेट लागत नाही. तुम्ही घ्या उतरवून.

*शुक्रवार*

प्रभाकर, बी-२०४: नंबर दुसरा. पहिला एक खनिज ट्रकवाला, त्याचं काम वेगळं

प्रभाकर, बी-२०४: क्लार्क म्हणतो केंद्राचा नमुना छापलेला नाही, प्रिंट आणा. रोहन व्हॉट्सॲप कर लवकर

रोहन, बी-४०२: पाठवला. दोन कॉपी काढा

प्रभाकर, बी-२०४: अर्ज घेतला. सही दुपारनंतर. मी इथेच बाकावर बसलोय, हलणार नाही, चहा चांगला आहे

लताकाकी, ए-१०१: बीपीची गोळी घेतली का

प्रभाकर, बी-२०४: सही झाली, शिक्का झाला. तारीख, आर्थिक वर्ष, नावाचं स्पेलिंग आधारशी जुळवून बघितलं. घरी येतोय

स्नेहा, ए-३०२: प्रभाकरबाब काय बोलू, देव बरें करूं 🙏🙏

डॉक्टरकाका, सी-१०१: स्कॅन करताना चारही कडा दिसू द्या. आणि ओरिजिनल सगळे एका जागी, दहावी-बारावीची मार्कशीट, लिव्हिंग, नीटचं स्कोअरकार्ड. मायग्रेशन सर्टिफिकेट बोर्डातनं काढायचं राहिलं असेल तर चवथ झाल्या झाल्या पर्वरी गाठा, दुसऱ्या राज्यात ते मागतात. पहिल्या राऊंडला नाव नाही आलं तर लगेच हातपाय गाळू नका, पुढच्या राऊंडला जागा सुटतात, लोक मेडिकलला निघून जातात. आणि बीएस्सीची सीट हातात ऑर्डर येईपर्यंत सोडायची नाही.

स्नेहा, ए-३०२: लॉक केलं आत्ता. पहिलं मद्रास, दुसरं मण्णुत्ती, शिरवळ तिसरं. मी काही बोलले नाही

लताकाकी, ए-१०१: मद्रासकडे उकडा तांदूळच खातात गं, पोर उपाशी नाही राहायची