एकाच पेशातल्या लोकांचा गट चालवणाऱ्यांनो, दमता का? अनुभव सांगा

आपल्या क्षेत्रातली माणसं जमवून गट चालवणं हे काम बहुतेकदा लष्कराच्या भाकऱ्या या सदरात मोडतं. पगार नाही, पद नाही, पण हॉलला कुलूप असलं की फोन आपल्यालाच. पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगवाल्यांचा गट चालवणाऱ्यांपैकी मी एक. गट वाढवायचा कसा यावर सल्ले ढिगाने मिळतात, वाढल्यावर चालवणाऱ्याचं काय होतं यावर सगळे चिडीचूप. म्हणून हा धागा.

माझा अंदाज सांगते. शेकडो माणसं झाली म्हणून कोणी थकत नाही. त्या शेकडो माणसांची प्रत्येक गोष्ट एकाच फोनवरून जायला लागली की थकतो. पटत नसेल तर खोडून काढा. कंपनीचं, संस्थेचं नाव नको. काम आणि गाव लिहिलंत तरी पुरे. आणि कृपया ‘टीमवर्क हवं’ एवढंच लिहून जाऊ नका. कुठलं काम कोणाला दिलं, ते सांगा.

कर सल्लागार, सांगली

1 जुलै 2017 ला जीएसटी आला, त्याच सुमाराला आमचा ग्रुप सुरू झाला. कायदा नवा, पोर्टल नवं, अधिकारीही चाचपडत होते. तेव्हा व्हॉट्सॲपची मर्यादा 256 होती. ती भरली म्हणून दुसरा ग्रुप काढला, आणि एकच प्रश्न दोन्हीकडे यायला लागला. उत्तर देणारे मात्र तेच चार जण.

खरा त्रास 18 ते 20 तारखेचा. 3बी म्हणजे जीएसटीचं दर महिन्याचं रिटर्न, ते भरायची शेवटची तारीख 20. पोर्टल लटकलं की ‘साहेब अर्जंट’ सुरू. रात्री अकरालाही. अहो, माझीही रिटर्नं बाकी असतात! उशीर झाला तर दिवसाला 50 रुपये लेट फी माझ्या क्लायंटलाही लागते.

मग तीन गोष्टी केल्या. रात्री दहा ते सकाळी आठ फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं सेटिंग. 2018 मध्ये ही सोय आली, तिचा एवढा चांगला उपयोग दुसरा नसेल. ते रोज हाताने लावावं लागतं, म्हणून त्याची पाळी ठरवली. दुसरं, नोटिशीबद्दल विचारायचं तर कलम, कालावधी आणि नाव-नंबर झाकलेला नोटिशीचा फोटो हवा. नुसतं ‘नोटीस आली, काय करू’ असेल तर उत्तर मिळत नाही. तिसरं, वार लावले. सोमवार माझा, मंगळवार इस्लामपूरच्या एका मॅडमचा, असं शनिवारपर्यंत. आपला वार नसेल तर उत्तर माहीत असलं तरी गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यात जड गेलं. ज्याला सगळं येतं त्याला राहवत नाही, आणि तो बोलला की बाकीचे वाचणं सोडून देतात.

आता मर्यादा 1024 झाली आहे. आम्ही वाढवलेली नाही.

धागाकर्ती

सांगलीकर, ते गप्प बसण्याचं अगदी खरं. आमच्याकडे एक ज्येष्ठ सदस्य बाळंतपणाच्या रजेवर गेल्या तेव्हा इतके लोक बोलायला लागले की त्यांनाच नवल वाटलं.

द्राक्ष बागायतदार, निफाड

आमचा ग्रुप शेतकऱ्यांचा, पण पेशा म्हणाल तर पेशाच. ऑक्टोबर छाटणी झाली आणि ढगाळ हवा आली की डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या भीतीने दिवसभर पानांचे फोटो. पान कोणतं, बाग कोणाची, काही पत्ता नाही. नुसतं ‘काय मारू?’

ग्रुपमधे एक सल्लागार सर होते, फी न घेता उत्तर देत. लोकांनी त्यांचा नंबर पाहुण्यारावळ्यांना दिला. पहाटे पाचला फोन, फवारणीच्या टाकीजवळ उभं राहून, ‘सर, पाणी किती?’ सर एका सीझनमधे ग्रुप सोडून गेले. राग नाही, पण गेले. आणि त्यांच्या बाजूने बघा, माल युरोपला जाणार असेल तर एका चुकीच्या औषधाने रेसिड्यू, म्हणजे मालात औषधाचा अंश, लागतो, कंटेनर अडकतो. फुकटच्या सल्ल्यावर एवढी जोखीम कोण घेईल?

आता नियम असा: फोटोसोबत वाण, छाटणीचा कितवा दिवस, आधीच्या दोन फवारण्या आणि पाऊस कधी पडला, हे लिहायचंच. ‘थॉमसन, 32 वा दिवस, परवा पाऊस’ असं आलं की निम्म्या वेळा शेजारचाच शेतकरी उत्तर देतो, कारण त्याची बागही तिथंच पोचलेली असते. सरांची गरज लागत नाही. लागलीच तर प्रश्न गोळा करून आठवड्यात एकदा एकत्र पाठवतो आणि त्याची फी वर्गणीतून देतो. पैसे दिल्यापासून सर परत आले, आणि लोकही नीट विचारतात.

काढणी सुरू झाली की ग्रुप झोपतो. कोणी उठवायचा प्रयत्नही करत नाही. एप्रिल छाटणीला आपोआप जागा होतो.

पायथॉन प्रोग्रॅमर, पुणे

आमच्या मीटअपमधे नावं दीडशे येतात, माणसं साठ. पिझ्झा किती मागवायचा हा दर महिन्याचा जुगार. पण दमवतं ते जागा शोधणं. कंपनीचा हॉल मिळतो, मग सिक्युरिटीला आदल्या दिवशी यादी द्या, शनिवारी एसी चालू करायला ॲडमिनवाल्यांना मेल करा, प्रोजेक्टरची वायर आपली न्या. भाषण देणारा शोधणं त्यापुढे सोपं.

आम्ही काम माणसांत वाटण्याऐवजी महिन्यांत वाटलं. एका महिन्याची जोडी ठरलेली: एक जुना, एक नवा. जागा, वक्ते, खाणं सगळं त्यांचं. पुढच्या महिन्यात दोघांनाही सुट्टी. आणि कोणालाच जमलं नाही तर त्या महिन्यात मीटअप नाही. यावर आमच्यात कडाक्याचं भांडण झालं होतं, ‘सातत्य तुटेल’ म्हणून. तुटलं, आणि पुढच्या वेळी गर्दी जास्त झाली.

ज्यांना वाटतं संस्थापक हटला की सगळं बसतं, त्यांनी पायथॉनचंच बघावं. खिडो व्हान रॉसम यांनी 2018 च्या जुलैमधे नेतृत्व सोडलं, एका छोट्याशा बदलावरून झालेल्या लांबलचक वादानंतर. त्यांचं पद तहहयात होतं. त्यांनी वारस नेमला नाही, कारभार कसा चालवायचा ते तुम्हीच ठरवा म्हणाले. 2019 च्या सुरुवातीला पाच जणांची समिती निवडून आली. भाषा आजही व्यवस्थित चालू आहे.

निवृत्त अभियंता, डोंबिवली

वाचायला छान आहे. माझा अनुभव उलट. जोड्या, पाळ्या, समित्या सगळं करून पाहिलं. शेवटी एक खुळा लागतोच. तो दमला की दुसरा खुळा शोधायचा, एवढंच आपल्या हातात. रोटरीवाले शहाणे, दर 1 जुलैला अध्यक्ष बदलतो, चांगला असो की वाईट. चांगल्यालाही जावं लागतं, हे महत्त्वाचं.

जि.प. शिक्षिका, सातारा जिल्हा

काका, खुळा लागतो हे मान्य. पण तो खुळा नेहमी बाईच का, हेही विचारा. आमच्या केंद्रातल्या तंत्रस्नेही शिक्षकांच्या गटात व्यासपीठावर सर बसतात आणि उपस्थितीचा तक्ता, इतिवृत्त, फोटो, आभाराचे मेसेज ताईंकडे. ‘ताई, ती फाईल परत टाका ना.’ संध्याकाळी कणीक मळताना हा मेसेज. फाईल तीन वेळा टाकलेली असते, वर सरकवायचा कंटाळा!

मी इतिवृत्त लिहिणं सोडलं. सांगितलं, आजपासून वर्गातल्या हजेरीसारखं आडनावाच्या क्रमाने. पहिल्या सरांनी चार ओळी लिहिल्या. चाललं. चार ओळींचं इतिवृत्त पुरतं, हे तेव्हा कळलं. मी उगाच दोन पानं लिहीत होते.

फाईलींसाठी एक फोल्डर, त्याची लिंक ग्रुपच्या माहितीत. मागणाऱ्याला लिंकसुद्धा पाठवत नाही, ‘वर बघा’ एवढंच. यू-डायसची, म्हणजे सरकारी पोर्टलवर शाळेची, माहिती भरायच्या दिवसांत मात्र हा नियम मी स्वतःच मोडते, कारण तेव्हा सगळेच रडकुंडीला आलेले असतात.

एक उपप्रश्न: कोणी काही आक्षेपार्ह टाकलं तर ॲडमिन अडकतो का? आमच्यात याच भीतीने कोणी ॲडमिन व्हायला तयार नसतं.

वकील, नागपूर

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटलं आहे की सदस्याच्या मजकुरासाठी नुसता ॲडमिन असण्यावरून गुन्ह्याची जबाबदारी येत नाही. त्याचा सामायिक हेतू किंवा आधीपासूनचं संगनमत दिसायला हवं. तेव्हा निदान तेवढ्या भीतीने पद नाकारू नका. बाकी कारणं भरपूर आहेत.

फिजिओथेरपिस्ट, नाशिक

पैशांबद्दल कोणी बोललंच नाही. आम्ही उत्साहात नोंदणी केली. सात जण जमले की 1860 च्या कायद्याखाली संस्था होते, आणि महाराष्ट्रात तिला विश्वस्त कायद्याखालीही जावं लागतं. त्यानंतर दरवर्षी हिशेब तपासणी, आणि कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. आमचे दोन सचिव रुग्ण तपासणं सोडून सह्या गोळा करत फिरले. कार्यशाळा त्या वर्षी एकही झाली नाही. वर्गणी थोडी असेल आणि कोणाकडून देणगी घ्यायची नसेल तर नोंदणीची घाई करू नका, असं माझं स्पष्ट मत. प्रत्येक कार्यक्रमाचा खर्च त्याच कार्यक्रमात वसूल करा आणि हिशेब त्याच रात्री ग्रुपवर टाका. शिल्लकच नसेल तर भांडणही नाही.

अभियंता, फ्रँकफर्ट

आमचा गट जर्मनीत नोकरीसाठी आलेल्या मराठी मंडळींचा. प्रश्न ठरलेले: घर मिळालं, दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची, पण कार्यालयाची अपॉइंटमेंट मिळत नाही, काय करू? त्याचं एक पान करून ठेवलंय. दमवतो तो दुसरा प्रकार, ‘माझा सीव्ही तुमच्या कंपनीत पुढे सरकवा’. ओळख नाही, काम पाहिलेलं नाही. आता नियम असा की आधी गटात एखादा विषय मांडा किंवा नवख्या माणसाला मदत करा, मग शिफारस मागा. काही जण रागावून गेले. गेले ते बरं झालं.

धागाकर्ती

डोंबिवलीकर काकांचा मुद्दा मी अजून चघळतेय. सांगलीकर, ते वार लावलेलं पत्रक इथे द्याल का? आमच्याकडे लावून बघते.

कर सल्लागार, सांगली

देतो की. 20 तारीख होऊन जाऊ दे.