माळ्यावर बाबांचा रोटाहेलर (कॅप्सूलमधली पावडर श्वासाने ओढायचं यंत्र) सापडला. तुमच्या घरचे पंपाचे, म्हणजे इनहेलरचे अनुभव सांगा

रामबागची_माई:
काल दिवाळीची साफसफाई काढली, माळ्यावरून पितळी डब्यांची गोणी खाली घेतली तर तिच्यात बाबांचा रोटाहेलर निघाला. हातात घेऊन तिथेच शिडीवर बसून राहिले. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. इंदूरच्या कापड मिलमध्ये आयुष्य गेलं, कापसाची धूळ आणि वरून बिडी, शेवटी सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होऊन धाप लागण्याचा फुफ्फुसाचा जुनाट आजार) निघाला. रोटाहेलरमध्ये घालायच्या कॅप्सूल पहिल्यांदा मिळाल्या तेव्हा बाबांनी त्या अकरा दिवस पाण्याबरोबर गिळल्या हो! यंत्र कपाटात नीट जपून ठेवलेलं, म्हणे त्रास वाढला की काढू. पोटात गेलेलं ते औषध छातीपर्यंत पोचतंच किती, जवळजवळ नाहीच. धाप तशीच, जिना चढताना तीनदा थांबायचे आणि आम्ही म्हणत होतो औषध लागू पडत नाही. मी घरातच होते पण एकदाही शेजारी उभं राहून बघितलं नाही कसं घेतात ते, याचं अजून वाईट वाटतं. तुमच्याकडे कोण काय चुकलं ते लिहा, कुणाच्या तरी घरी उपयोग होईल.

मालवी_लेक:
माई वाईट वाटून घेऊ नका, आमच्याकडे सासूबाई रोटाहेलर तोंडात धरून आधी आतच श्वास सोडायच्या, ओलाव्याने पावडर चिकटून बसायची. श्वास बाहेर सोडायचा तो तोंड बाजूला करून, मग ओठ घट्ट लावून जोरात आत ओढायचा. नंतर कॅप्सूल उघडून बघायची, पावडर उरली असेल तर परत एकदा ओढायची. कुकर झाला, येते नंतर

छावणीवाले_काका:
मी स्वतः पेशंट, वय ६८. माझ्याकडे दोन पंप आहेत, एक रोजचा आणि एक धाप लागली की घ्यायचा साल्ब्युटामॉलचा. पहिलं वर्षभर मी उलटंच करत होतो, रोजचा लांब टिकणारा पंप धाप लागल्यावर घ्यायचो आणि बरं वाटलं की बंद. तो २४ तास हळूहळू काम करणारा, त्याने ऐनवेळी सुटका होत नाही. आता रोजच्या पंपावर लाल टिकली चिकटवली आहे आणि तो सकाळी दात घासायच्या ब्रशजवळ असतो. साल्ब्युटामॉल खिशात, चार-पाच मिनिटांत छाती मोकळी होते, हात थोडे थरथरतात, धडधडतं, पण जातं. मात्र तोच पंप नेहमीपेक्षा जास्त वेळा लागायला लागला तर मी वाट बघत नाही, डॉक्टरकडे जातो, मागच्या थंडीत तसंच झालं होतं आणि छातीत इन्फेक्शन निघालं.

पोहे_जलेबी:
माई ते पितळी डबे विकणार आहात का? आईला फार आवडतात

रामबागची_माई:
नाही गं, आजीचे आहेत. चिंच-मीठ लावून घासायचेत अजून

सुदामानगर_आई:
पंपाची सवय लागते म्हणून आमच्या नणंदेने दोन वर्षं नुसत्या गोळ्यांवर काढली. डॉक्टरांनी तिला हिशेब सांगितला, साल्ब्युटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅम आणि पंपाचा एक पफ (एकदा दाबल्यावर येणारं औषध) १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीत चाळीसपट औषध, तेही अख्ख्या अंगात फिरणार. तेव्हा पटलं. स्पेसर (पंपाला जोडायचा पोकळ नळकांडा) लावून घेते आता, कारण दाबणं आणि ओढणं तिला एकत्र जमत नव्हतं, सगळं घशातच जायचं. आणि हो, स्टेरॉइडवाला पंप असेल तर नंतर गुळणी करून पाणी थुंकायचंच, तोंडात पांढरं येतं नाहीतर.

पोहे_जलेबी:
म्हणजे आधी गुळणी मग पोहे 😊 बाबांना सांगते, ते पंप घेऊन लगेच चहाच घेतात

लोकमान्यनगर२:
आजोबांचं लिहितो. प्रोस्टेटचा त्रास आधीपासून, श्वासनळ्या मोकळ्या ठेवणारं टायोट्रोपियम कॅप्सूलमधून रोज चालू होतं. एका रात्री धाप वाढली, दुसरीकडे नेलं, तिथे नेब्युलायझरमधून (औषधाची वाफ करणारं यंत्र) इप्राट्रोपियम दिलं. आम्ही रोजच्या कॅप्सूलचं पाकीट घरीच विसरलो होतो आणि कुणी विचारलंही नाही. दोन्ही एकाच जातीची औषधं, लघवी अडवू शकणारी. सकाळपर्यंत लघवी पूर्ण बंद, पोट फुगलेलं, नळी घालावी लागली. ती रात्र मी विसरू शकत नाही. आता सगळी पाकिटं एका पिशवीत, पिशवी दाराच्या खुंटीला. काचबिंदूवाल्यांनीसुद्धा डॉक्टरांना आधीच सांगा, मास्कमधून वाफ डोळ्यात जायला नको, तोंडात धरायची नळी मागा.

मालवी_लेक:
आले. दादा हे वाचून काटा आला अंगावर. आजोबा आता कसे आहेत?

लोकमान्यनगर२:
ठीक आहेत, ८३ चालू आहे. रंगपंचमीच्या गेरला (रंगांच्या मिरवणुकीला) मात्र नेत नाही, राजवाड्याला गुलालाचे ढग उडतात ना. गच्चीवरूनही नको, घरात टीव्हीवर बघतात आणि मला फोन करून सांगतात कुठली गाडी आली

सुदामानगर_आई:
गुलाल काय आणि चिवड्याची फोडणी काय! मिरची टाकायच्या आधी नणंदेला बाहेर अंगणात बसवते, खिडकी उघडी

छावणीवाले_काका:
एक राहिलं. पंप पाण्यात टाकून तरंगतो का ते बघू नका, त्यावरून औषध उरलं की नाही कळत नाही आणि तोंड बुजतं ते वेगळंच. माझ्या साल्ब्युटामॉलमध्ये २०० पफ असतात, मी कॅलेंडरवर रेघा मारतो. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच निथळू द्या, फडक्याने पुसला की औषध आतल्या भिंतीला चिकटतं. रिकामा पंप जाळू नका, भोकही पाडू नका, स्फोट होतो. आपल्या इंदूरच्या कचरागाडीत घातक कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो, त्यात द्या.

पोहे_जलेबी:
आत्ता बाबांना व्हिडिओ कॉल करून रोजचा पंप समोर घ्यायला लावला. टोपी काढली, श्वास सोडला, सगळं बरोबर पण हलवलाच नाही. आणि ओढल्यावर लगेच बोलायला लागले, दहा सेकंद धरलाच नाही. परत घ्यायला सांगू का?

छावणीवाले_काका:
नको बेटा, रोजच्याचा दुसरा डोस आपल्या मनाने नको. उद्या ठरलेल्या वेळी परत कॉल कर आणि हलवायला आधी सांग.

रामबागची_माई:
आणि दहा तू मोज मोठ्याने, ते ऐकतील.