सासष्टीतल्या माळ्यावर सापडलेली जुनी स्पीड बॅग: वाजवावी की जपावी?

माळ्यावरचे सामान (डिचोली)

नमस्कार मंडळी. मी गेली काही वर्षे जुने दिवे आणि तराजू जमवतो. व्यायामाच्या साहित्याशी माझा संबंध आजवर आला नव्हता. गेल्या मे महिन्यात सासष्टीतले एक जुने घर रिकामे होत असताना घरमालकांनी माळ्यावरचे एक खोके माझ्या हवाली केले. त्यांचे वडील तारवटी होते आणि बोटीवरून परतताना त्यांनी हे सामान आणले होते, एवढेच त्यांना ठाऊक होते.

खोक्यात मुष्टियोद्धे सरावासाठी वापरतात ती पेरूच्या आकाराची चामडी स्पीड बॅग आहे. कडी सोडून तिची लांबी ११ इंच आणि रुंदी ८ इंच भरते. ती टांगण्याचे स्विव्हल (चहूबाजूंनी फिरणारा लोखंडी सांधा) गंजून जाम झाले आहे. सोबत दोन फूट व्यासाची जाड गोल फळी आहे, पण तिची एक कड वाळवीने खाल्ली आहे. आतला रबरी ब्लॅडर लाकडासारखा कडक झाला आहे, तोंडाची वादी नाहीशी झाली आहे आणि वरच्या कडीची शिवण एका बाजूने उसवली आहे. चामड्यावर पांढरट थर दिसतो.

पहिल्याच आठवड्यात मी एक आगाऊपणा केला, तोही सांगून टाकतो. चामडे कोरडे वाटले म्हणून त्यावर सढळ हाताने खोबरेल तेल चोळले. आता ते काही ठिकाणी काळवंडले आहे आणि हाताला चिकट लागते. पावसाळा तोंडावर आहे. ही बॅग दुरुस्त करून पुन्हा वापरता येईल का, की तशीच जपावी? आणि ती साधारण कोणत्या काळातली असावी, हे कसे ओळखायचे?

चामडे आणि पुस्तके (फोंडा)

माझा व्यवसाय जुन्या ग्रंथांच्या चामडी बांधणीचा असल्यामुळे मी फक्त चामड्याविषयी बोलतो. ठोशांचे मला काही कळत नाही.

तेल चोळण्याची चूक आपल्याकडे जवळजवळ प्रत्येकजण करतो, कारण चपलेला तेल लावलेले आपण लहानपणापासून पाहिलेले असते. चपलेचे चामडे वर्षा-दोन वर्षांत झिजून जाणार असते. या वस्तूला आणखी पन्नास वर्षे काढायची आहेत. जास्तीचे तेल चामड्याचे तंतू सैल करते, टाक्यांतला दोरा कुजवते, धूळ धरून ठेवते आणि आपल्या हवेत बुरशीला आमंत्रण देते. आता तेल पुसून काढण्याच्या भरात पाणी किंवा साबण लावू नका. कोरड्या मुलतानी मातीची बारीक पूड पृष्ठभागावर पसरा, दोन दिवस तशीच राहू द्या आणि मग मऊ ब्रशने झटका. पूड तेलकट होणे थांबेपर्यंत हे दोन-तीन वेळा करावे लागेल. काळवंडलेले डाग पूर्ण जाणार नाहीत, ते वस्तूच्या इतिहासात जमा करावेत.

पांढरा थर बुरशीचाच असेल असे गृहीत धरू नका. चामड्यातली किंवा चोळलेली चरबी पृष्ठभागावर येऊन गोठली तरी तसाच थर दिसतो. केस वाळवण्याच्या यंत्राची कोमट हवा लांबून सोडून पाहा. चरबी असेल तर थर विरघळून दिसेनासा होतो, बुरशी असेल तर तसाच राहतो. बुरशी निघाली तर बॅग घराबाहेर न्या, तोंडाला मास्क बांधा, ती सावलीत पूर्ण कोरडी होऊ द्या आणि मगच ब्रश फिरवा, कारण ओलसर बुरशी घासली की ती चामड्यात अधिक रुतते. उरलेल्या डागांवर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम भिजवलेला कापसाचा बोळा चालतो, मात्र रंग सुटतो का हे आधी कडीखालच्या आडोशाला तपासून घ्या.

या सगळ्याआधी एक परीक्षा करा. पांढरे सुती फडके चामड्यावर हलके घासा. फडक्यावर विटकरी रंगाची भुकटी आली, तर त्या चामड्याला आम्ही ज्याला लाल कुजणे म्हणतो तो रोग झालेला आहे. झाडांच्या साली वापरून कमावलेल्या जुन्या चामड्यात हवेतल्या प्रदूषणामुळे आम्ल साचत जाते आणि तंतू आतून तुटतात. तसे चामडे पाणी लागताच काळे पडते, कडक होते आणि पुन्हा कधीच पूर्वीसारखे होत नाही. हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोजचे पातळ द्रावण लावून भुकटी धरून ठेवता येते, पण गेलेली ताकद परत आणता येत नाही. भुकटी आली तर ती बॅग ठोशासाठी संपली असे समजावे, आणि मला विचाराल तर ते वाईट वाटून घेण्यासारखेही नाही.

क्रोमने कमावलेल्या चामड्याला हा रोग सहसा होत नाही. ती पद्धत १८८४ च्या पेटंटनंतर हळूहळू रूढ झाली. उसवलेल्या शिवणीजवळ चामड्याची कापलेली कड पाहा: आतून निळसर-राखाडी दिसली तर क्रोम, तपकिरी दिसली तर सालीचे.

वास्कोचा फिटर

वरचे सर्व मान्य करून मी लोखंडाकडे वळतो, कारण या सामानाचा खरा जीव स्विव्हलमध्ये असतो.

स्पीड बॅगवर एक ठोसा मारला की ती फळीवर तीनदा आपटते: समोर, मागे आणि पुन्हा समोर, मग परत येताना दुसरा ठोसा बसतो. तबला ऐकणाऱ्यांना ती तिस्र जातीची लय चटकन ओळखू येईल. ही लय सरळ रेषेत चालण्यासाठी स्विव्हलमधला गोळा चहूबाजूंनी सारखाच मोकळा फिरावा लागतो. गोळा एका बाजूने झिजून चपटा झाला असेल, तर बॅग तिरपी पळते आणि माणूस उगाच आपल्या हाताला दोष देत बसतो.

जाम झालेले स्विव्हल पक्कडीने फिरवू नका. उघडण्यापूर्वी प्रत्येक भागाचा फोटो काढा, मग ते एक-दोन दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवा आणि पितळी तारेच्या ब्रशने हलके घासा. जुन्या स्विव्हलवर बहुधा निकेलचा मुलामा असतो. ग्राइंडरचे तारेचे चाक लावले तर गंजाबरोबर मुलामाही निघून जाईल आणि आमच्या बंदराच्या खाऱ्या हवेत ते आठवडाभरात पुन्हा लाल होईल. सुटे झाल्यावर शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब पुरे. घट्ट ग्रीस भरले की बॅग सुस्तावते.

आणखी एक सावधगिरी. अमेरिकी मालाचे स्क्रू इंचाच्या मापाचे असतात. पाव इंचाचा स्क्रू ६.३५ मिलिमीटरचा असतो आणि त्याला इंचामागे बहुधा २० आटे असतात. बाजारातला सहाचा मेट्रिक बोल्ट त्या भोकात ढिला जातो, आठचा दामटला तर आटे मरतात. मूळ स्क्रू वाकलेला असला तरी नमुना म्हणून जपून ठेवा.

आता भिंत. तुमचे घर चिऱ्याचे असेल तर फळीची चौकट चिऱ्यात फास्टनर ठोकून बसवू नका. चिरा सच्छिद्र असतो. रोजच्या हादऱ्यांनी फास्टनरभोवतीचा दगड भुगा होऊन गळू लागतो आणि एक दिवस सगळे खाली येते. काँक्रीटचा खांब शोधा, किंवा भिंतीच्या आरपार बोल्ट घालून मागून जाड फळीचा आधार द्या. चौकट जरा जरी हलली तरी ठोशाची ताकद भिंतीत मुरते आणि बॅग अर्ध्या जोमाने परत येते. बॅगेचा सर्वांत फुगीर भाग हनुवटीच्या आसपास येईल अशी उंची ठेवा.

वाळवीने खाल्लेल्या फळीवर भार टाकू नये. नवी करायची तर फणसाच्या किंवा सागाच्या अखंड फळ्या जोडण्यापेक्षा १९ मिलिमीटरचे दोन मरीन प्लायचे थर एकमेकांना चिकटवून घ्या. पावसाळ्यात अखंड लाकूड वाकते आणि बॅग वेडीवाकडी उसळते. जुन्या फळीवर बॅग आपटून उमटलेले वर्तुळ असेल. कृपा करून सुताराला ते रंधू देऊ नका.

जुनी खोकी (मडगाव)

काळ ठरवण्यासाठी मी बॅगेपेक्षा खोक्यावर अधिक विश्वास ठेवतो. अमेरिकी पत्त्यात शहराच्या नावापुढे एक किंवा दोन आकड्यांचा टपाल विभाग छापला असेल, तर ते खोके १९४३ नंतरचे. राज्याच्या नावापुढे पाच आकड्यांचा झिप कोड असेल, तर १९६३ किंवा त्यानंतरचे. दोन्ही नसतील तर ते १९४३ च्या आधीचे असू शकते, पण जुने छापील खोके कारखाने संपेपर्यंत वापरत, म्हणून तेवढ्यावरून पैज लावू नये. भारतीय मालाला हीच युक्ती लागू पडते: सहा आकडी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. शिक्का सियालकोटचा आणि सोबत इंडियाचे नाव असेल तर माल फाळणीपूर्वीचा, कारण १९४७ नंतर तिथले बरेच कारागीर जालंधरला आले आणि क्रीडासाहित्याचा धंदा तिथे उभा राहिला.

छाप एव्हरलास्टची असेल तर हुरळून जाऊ नका. जेकब गोलॉम्ब यांनी १९१० मध्ये न्यू यॉर्कमध्ये ही कंपनी पोहण्याच्या कपड्यांपासून सुरू केली, पुढे ती मुष्टियुद्धाच्या साहित्याकडे वळली आणि तिचा माल जगभर अमाप गेला. स्पीड बॅग त्यामुळे दुर्मीळ नाहीत. खोके, फळी आणि स्विव्हल एकत्र मिळणे मात्र दुर्मीळ आहे. गोव्यात असे सामान सापडण्यात मला नवल वाटत नाही. १९६१ पर्यंत इथे परदेशी माल सहज येत असे, आणि तारवट्यांच्या पेट्यांतून आणखी काय काय उतरले याची मोजदाद कोणीच केलेली नाही.

फोंड्याच्या बाबांशी मात्र मी सहमत नाही. आवाज न करणारी स्पीड बॅग म्हणजे कापूस भरलेला पेरू. चामडे क्रोमचे आणि धड असेल तर ती वाजवावी. कडीची शिवण जुन्याच भोकांतून, मेण लावलेल्या दोऱ्याने, दोन सुयांच्या टाक्याने घालावी; नवी भोके पाडली की चामडे टपाल तिकिटासारखे फाटते. कडक ब्लॅडर ओढून काढू नका, तो आतल्या कापडी अस्तराला चिकटलेला असतो. तोंडातून तुकडे करून काढा. नव्या ब्लॅडरला टाल्कम पावडर चोळून घाला, आणि तो पेरूच्या आकाराचाच घ्या. फुटबॉलचा गोल ब्लॅडर घातला तर मान रिकामी राहते. हवा अंगठ्याने दाबल्यावर जरा दबेल इतपतच, आणि काम झाले की थोडी सोडून द्यावी.

वादीसाठी काही जण तबला दुरुस्त करणाऱ्याकडे जातात. ती वादी कच्च्या कातड्याची असते. श्रावणात सैल पडते आणि शिमग्यात दगड होते. जाड सुती नाडी त्यापेक्षा बरी.

चामडे आणि पुस्तके (फोंडा)

मडगावकरांचा कापसाचा पेरू मला आवडला. तरीही कडीचा प्रश्न राहतोच: संपूर्ण बॅगेचा झटका त्या तीन बोटांच्या पट्टीवर येतो आणि बॅगेचे चामडे धड असूनही पट्टी गेलेली असू शकते. फडक्याची परीक्षा कडीवर वेगळी करा. जपायची ठरली तर हवा न भरता आत पॉलिस्टरचा कापूस सैलसर भरा, प्लास्टिकऐवजी धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा आणि पावसाळाभर बंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर गेली की बुरशी धरते, आणि जुलैत आपल्याकडे ती त्याच्या कितीतरी वर असते.

माळ्यावरचे सामान (डिचोली)

आपणा सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे करून पाहिले. मुलतानी मातीच्या तिसऱ्या फेरीनंतर चिकटपणा गेला. पांढरा थर कोमट हवेने विरघळला, म्हणजे तो बहुतांशी माझ्याच तेलाचा प्रताप होता. बॅगेच्या पाकळ्यांवर फडके स्वच्छ राहिले आणि कड राखाडी दिसली. कडीवर मात्र विटकरी भुकटी आली. कडी वेगळ्या चामड्याची असावी.

स्विव्हल तिसऱ्या दिवशी रॉकेलमध्ये सुटले. गोळा गोल आहे आणि मुलामा निम्मा शिल्लक आहे. त्यावर मी जालंधरची नवी बॅग टांगणार आहे. जुनी बॅग, वर्तुळासकट जुनी फळी आणि खोके कपाटात जातील. मडगावकरांना हा निर्णय भित्रेपणाचा वाटेल, पण जुनी कडी काढून नवी लावण्याचे धैर्य मला होत नाही. खोक्यावरच्या पत्त्यात शहराच्या नावापुढे दोनच आकडे आहेत.

स्विव्हलच्या तळपट्टीचा एक स्क्रू कमी आहे. पाव इंची, २० आट्यांचा, चपट्या डोक्याचा जुना स्क्रू वास्कोच्या बाजूला कुठे सुटा मिळेल का?

वास्कोचा फिटर

माझ्याकडे डबाभर आहेत. नमुन्याचा स्क्रू घेऊन या, जुळवून देतो.