कोरोना होऊन गेल्यावर प्रतिकारशक्ती नेमकी किती दिवस टिकते?

चौकस:
कुणी ३ महिने सांगतं, कुणी ८ महिने, कुणी थेट वर्षानुवर्षे. एकाच आजाराबद्दल इतकी तफावत का? आणखी दोन शंका. दोन महिन्यांच्या आत आरटी-पीसीआर पुन्हा पॉझिटिव्ह आली तर नवा संसर्ग धरायचा का? आणि अँटिबॉडीच्या रिपोर्टवर स्पाइक (विषाणूवरच्या काट्यांचं प्रथिन) पॉझिटिव्ह पण एन (विषाणूच्या आतलं न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिन) निगेटिव्ह असेल, तर कोविड झालाच नव्हता असं समजायचं का?

पेशीपुराण:
'टिकते' या एका शब्दात दोन प्रश्न कोंबलेत, म्हणून तफावत दिसते. विषाणू नाकात शिरून पुन्हा वाढू शकतो का, हा एक. वाढलाच तर फुफ्फुसापर्यंत पोचून माणसाला आडवं करतो का, हा दुसरा.

फेब्रुवारी २०२३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९ देशांतल्या ६५ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं. आधीच्या संसर्गामुळे मूळ विषाणू, अल्फा आणि डेल्टाच्या पुनर्संसर्गापासून ४० आठवड्यांनीही सुमारे ७९ टक्के संरक्षण होतं. ओमिक्रॉनचा बीए.१ हा उपप्रकार आला आणि तेच ३६ टक्क्यांवर घसरलं. पण गंभीर आजारापासूनचं संरक्षण बीए.१ च्या बाबतीतही ८९ टक्क्यांच्या आसपास राहिलं.

आता आतली यंत्रणा. आयजीजी या रक्तातल्या मुख्य अँटिबॉडीचं अर्धायुष्य, म्हणजे ती निम्मी व्हायला लागणारा काळ, साधारण २१ दिवस. संसर्गानंतर घाईघाईने तयार झालेल्या प्लाझ्मा पेशी (अँटिबॉडी बनवणाऱ्या) बहुतेक अल्पायुषी असतात; त्या मेल्या की पातळी धाडकन उतरते. पुढे उतार मंदावतो, कारण अस्थिमज्जेत मुक्काम ठोकलेल्या थोड्या दीर्घायुषी पेशी अँटिबॉडी सोडत राहतात. सौम्य कोविड झालेल्यांमध्ये अशा पेशी सात महिन्यांनंतरही सापडल्या आहेत. स्मृती बी-पेशी (विषाणू लक्षात ठेवून पुन्हा अँटिबॉडी बनवायला तयार असलेल्या) तर पहिल्या महिन्यापेक्षा सहाव्या महिन्यात जास्त आढळल्या. २००३ च्या सार्समधून बऱ्या झालेल्यांच्या रक्तात १७ वर्षांनीही त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशी (संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या) मिळाल्या होत्या.

मग संसर्ग पुन्हा का होतो? वेळ पुरत नाही म्हणून. स्मृतिपेशींना जागं होऊन संख्या वाढवायला काही दिवस लागतात आणि ओमिक्रॉनची लक्षणं साधारण तीन दिवसांत सुरू होतात. गोवराला दहा-बारा दिवस लागतात, तेवढ्यात शरीर तयारीत असतं. कोविडमध्ये नाक हातचं जातं, फुफ्फुस बहुधा वाचतं.

नमुना_क्रमांक_३:
पीसीआरबद्दल. ही चाचणी जिवंत विषाणू आणि त्याचे मेलेले तुकडे यांत फरक करत नाही. तुकडे कित्येक आठवडे, क्वचित तीन महिनेही निघत राहतात. ९० दिवसांच्या आतला पॉझिटिव्ह रिपोर्ट नवा संसर्ग धरायचा नाही, ही अट त्यातूनच आली. ती नोंदणीच्या सोयीची आहे. '९० दिवस काही होत नाही' असा तिचा अर्थ लावणं चूक.

सीटी व्हॅल्यू पाहा, म्हणजे विषाणू दिसायला चाचणीला किती आवर्तनं लागली; आकडा जितका मोठा तितका विषाणू कमी. आधी १८, सहा आठवड्यांनी ३५ आणि लक्षणं नाहीत, तर बहुधा जुनाच कचरा. मधे निगेटिव्ह येऊन आता नव्या लक्षणांसह १९, तर नवा संसर्ग समजा. मात्र वेगवेगळ्या किटच्या सीटीची तुलना करू नका, आणि स्वॅब नीट घेतला नसेल तरी सीटी वाढतो. खात्री दोन्ही नमुन्यांच्या जनुकीय क्रमावरूनच होते. ऑगस्ट २०२० मध्ये हाँगकाँगमधला पुनर्संसर्ग असाच सिद्ध झाला, १४२ दिवसांच्या अंतराने. त्या ९० दिवसांत रॅपिड अँटिजेन चाचणी जास्त कामाची, ती लवकर निगेटिव्ह होते.

एन निगेटिव्ह म्हणजे 'झाला नव्हता' असं नाही. काही किटवर एन अँटिबॉडी काही महिन्यांतच मोजमापाच्या खाली जातात, आणि लस घेतल्यानंतर संसर्ग झाला तर त्या कमीच तयार होतात. उलट बाजूने, निष्क्रिय पूर्ण विषाणूच्या लशीने एनही पॉझिटिव्ह येऊ शकते. एमआरएनए किंवा व्हेक्टर (दुसऱ्या निरुपद्रवी विषाणूवर स्वार) लशींमुळे येत नाही, कारण त्यांत फक्त स्पाइक बनवण्याची सूचना असते.

चौकस:
समजलं. मग स्पाइक अँटिबॉडी १५०० बीएयू (अँटिबॉडी मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिली असेल तर निर्धास्त राहावं?

पेशीपुराण:
नाही. एक तर किती आकड्याला संरक्षण, अशी सर्वमान्य रेषा नाही. दुसरं, बहुतेक चाचण्यांमध्ये मूळ विषाणूचं स्पाइक वापरलेलं असतं, आणि ओमिक्रॉनच्या स्पाइकमध्ये ३० हून जास्त बदल आहेत. चाचणीत चिकटलेली अँटिबॉडी नव्या प्रकाराला रोखेलच असं नाही. टी-पेशी विषाणूच्या तुकड्यांवरून ओळख पटवतात आणि ते तुकडे बरेचसे बदललेले नाहीत. पण त्या या चाचणीत मोजल्याच जात नाहीत. शिवाय एयू (त्या-त्या किटचं स्वतःचं एकक) आणि बीएयू ही एककं वेगळी. दोन रिपोर्ट शेजारी ठेवून 'माझ्या जास्त' म्हणणं हा सगळ्यात लोकप्रिय घोळ.

औषधवही:
वरचे आकडे सर्वांना लागू नाहीत. रिटुक्सिमॅब या बी-पेशी नष्ट करणाऱ्या औषधानंतर बी-पेशी सहा महिने किंवा जास्त काळ जवळपास नाहीशा असतात, त्यामुळे संसर्ग होऊनही अँटिबॉडी बऱ्याचदा नीट बनत नाहीत. अवयव प्रत्यारोपणानंतर मायकोफेनोलेटवर (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) असलेल्यांचा प्रतिसादही कमजोर असतो. अशांनी 'नुकताच होऊन गेलाय' यावर विसंबू नये. लक्षण दिसताच त्याच दिवशी चाचणी करा, कारण निर्माट्रेल्विर-रिटोनाविर (कोविडवरच्या गोळ्या) लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू करावं लागतं. पण टॅक्रोलिमस (नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून देतात ते औषध) चालू असेल तर प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नका. रिटोनाविरमुळे टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी विषारी होण्याइतकी चढते.